जीएलपी-१ रिसेप्टरचे प्रतिपिंड आणि ५३ किलोडाल्टनचा बँड

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात औषधशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने उंदराच्या ऊतींमध्ये जीएलपी-१ या आतड्यातील संप्रेरकाचा रिसेप्टर, म्हणजे ते संप्रेरक पकडणारे पेशीवरील प्रथिन, शोधण्यासाठी सशात तयार केलेले पॉलिक्लोनल (अनेक प्रकारच्या प्रतिपिंडांचे मिश्रण असलेले) प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, विकत घेतले. वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे प्रथिने जेलवर वजनाप्रमाणे वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याच्या पद्धतीत, स्वादुपिंड, ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग), हृदय आणि यकृत या चारही ऊतींत सुमारे ५३ किलोडाल्टनला ठसठशीत बँड आला. कंपनीच्या माहितीपत्रकातही नेमके एवढेच वजन दिले आहे आणि सोबत मिळालेल्या ब्लॉकिंग पेप्टाइडने (प्रतिपिंड ज्याच्या विरुद्ध बनवले तो अमिनो आम्लांचा तुकडा) तो बँड नाहीसाही होतो. यकृतातला बँड सर्वांत गडद आहे. तेव्हा यकृतात हा रिसेप्टर आहे आणि मेदयुक्त आहारावर ठेवलेल्या उंदरांत त्याचे प्रमाण वाढते, असे शोधनिबंधात लिहिता येईल का, आणि येत नसेल तर कोणते प्रतिपिंड घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या भागाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून तो बँड जीएलपी-१ रिसेप्टरचा असण्यापेक्षा नसण्याचीच शक्यता मला अधिक वाटते, आणि गंमत अशी की ज्या दोन गोष्टींमुळे तुमचा विश्वास वाढला, म्हणजे वजन जुळणे आणि पेप्टाइडने बँड जाणे, त्यांतील पहिली उलट शंका वाढवणारी आहे आणि दुसरीतून फारसे काही सिद्ध होत नाही. दुसऱ्या भागाचे उत्तर देण्याआधी हे दोन्ही मुद्दे नीट उलगडावे लागतील, कारण ते समजल्याशिवाय घेतलेले दुसरे प्रतिपिंडही तुम्हाला याच जागी आणून सोडेल.

आधी वजनाचे पाहू. हा रिसेप्टर ४६३ अमिनो आम्लांचा आहे आणि त्या साखळीचे गणिताने येणारे वजन सुमारे ५३ किलोडाल्टन भरते. मात्र पेशीच्या पृष्ठभागावर काम करणारा रिसेप्टर या रूपात नसतो. सुरुवातीची २३ अमिनो आम्ले केवळ त्याला योग्य मार्गाला लावण्यासाठी असतात आणि ती पुढे कापली जातात. त्यानंतर पेशीबाहेर राहणाऱ्या भागावर, मानवी क्रमांकाप्रमाणे ६३, ८२ आणि ११५ या जागांवरील अॅस्परॅजिनला, शर्करेच्या शाखा जोडल्या जातात. त्यामुळे परिपक्व रिसेप्टर जेलमध्ये साधारण ६० ते ६५ किलोडाल्टनच्या आसपास, आणि तोही रेखीव रेघेसारखा नव्हे तर काहीसा पसरट, धुरकट दिसणे अपेक्षित असते, कारण प्रत्येक रेणूवरील शर्करा सारखी नसते. माहितीपत्रकात छापलेले ५३ हे बहुतेक वेळा केवळ अमिनो आम्लांच्या बेरजेतून आलेले असते. त्या आकड्यावर नेमका, सुईसारखा बारीक बँड आला की विकणारा आणि घेणारा दोघेही समाधानी होतात. पण शर्करा जोडलेल्या पटलप्रथिनाने (पेशीच्या आवरणात बसलेल्या प्रथिनाने) शर्करा नसल्यासारखे धावावे, हेच मुळात संशयास्पद आहे.

शिवाय ५० ते ६० किलोडाल्टन हा जेलमधला अतिशय गजबजलेला पट्टा आहे. ट्युब्युलिन तिथेच धावते, व्हिमेन्टिन तिथेच, अनेक केराटिनेही तिथेच. स्वादुपिंडात तर अमायलेज हे त्या ऊतीतील सर्वांत विपुल प्रथिनांपैकी एक असून तेही ५५ किलोडाल्टनच्या आसपास असते, आणि यकृतात कॅटॅलेज ६० च्या जवळ असते. रक्त नीट न धुतलेल्या कोणत्याही ऊतीत प्राण्याचे स्वतःचे इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तातील प्रतिपिंडे, असते आणि त्याची जड साखळी ५० ते ५५ किलोडाल्टनला येते. तुमचे प्राथमिक प्रतिपिंड सशाचे असल्यामुळे उंदराच्या इम्युनोग्लोब्युलिनचा त्रास तुम्हाला तुलनेने कमी होईल, पण उंदरात तयार केलेले मोनोक्लोनल (एकाच प्रकारचे) प्रतिपिंड उंदराच्याच ऊतीवर वापरणाऱ्यांना हा बँड हमखास भेटतो. त्याची परीक्षा सोपी आहे. एका पट्टीवर प्राथमिक प्रतिपिंड न घालता फक्त सेकंडरी, म्हणजे प्राथमिक प्रतिपिंडाला चिकटून खूण दाखवणारे दुसरे प्रतिपिंड, घालायचे. त्यातही बँड आला, तर तो रिसेप्टरचा नाही हे पाच पैशांत कळते. ही पट्टी तुमच्या ब्लॉटमध्ये मला दिसली नाही. ती आधी करा.

आता प्रमाणाचा विचार करा, कारण तो माझ्या मते तुमच्या ब्लॉटमधील सर्वांत बोलका मुद्दा आहे. स्वादुपिंडात हा रिसेप्टर मुख्यतः लँगरहॅन्सच्या बेटांतील, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर असतो आणि ही बेटे संपूर्ण स्वादुपिंडाच्या वस्तुमानाच्या एक-दोन टक्के असतात. म्हणजे अख्खे स्वादुपिंड वाटून त्याचे लायसेट (पेशी फोडून काढलेला द्राव) जेलच्या लेनमध्ये घातले, तर त्यातील ९८ टक्के प्रथिन रिसेप्टर जवळजवळ नसलेल्या पेशींचे असते. त्यात जी प्रोटीनशी जोडलेले हे रिसेप्टर मुळातच पेशीत अल्प प्रमाणात असतात. अशा नमुन्यात, पटलाचा अंश वेगळा न काढता, साध्या ईसीएलवर (बँड प्रकाशाने दाखवणाऱ्या रसायनावर) काही सेकंदांत ठसठशीत बँड येत असेल, तर तो दुर्मीळ रिसेप्टरचा असणे गणितातच बसत नाही. यकृताचा बँड स्वादुपिंडाहूनही गडद येणे हा त्याच्या पुढचा इशारा आहे. प्रतिपिंडाने जे पकडले आहे ते यकृतात भरपूर आहे. तेवढेच त्यातून कळते.

ब्लॉकिंग पेप्टाइडविषयी आपल्याकडेच नव्हे तर सर्वत्र मोठा गैरसमज आहे, आणि काही परीक्षक अजूनही हीच चाचणी मागतात. पॉलिक्लोनल प्रतिपिंड तयार करताना रिसेप्टरमधील पंधरा-वीस अमिनो आम्लांचा एक तुकडा कृत्रिमरीत्या बनवून, एखाद्या मोठ्या वाहक प्रथिनाला जोडून सशाला टोचतात. सशाच्या रक्तद्रवात जी प्रतिपिंडे येतात ती मग त्याच पेप्टाइडच्या स्तंभावरून गाळून घेतात. म्हणजे बाटलीत जे येते ते ‘त्या पेप्टाइडला चिकटणारे सर्व काही’ असते. आता एखादे प्रतिपिंड प्रत्यक्षात पाच-सहा अमिनो आम्लांच्या ओळीलाच धरते, आणि एवढी छोटी ओळ, किंवा तिच्याशी पुरेशी मिळतीजुळती ओळ, पेशीतील अन्य प्रथिनांत सापडणे मुळीच दुर्मीळ नाही. असे चुकीच्या प्रथिनाला धरणारे प्रतिपिंड पेप्टाइडलाही धरणारच, कारण त्यामुळेच तर ते स्तंभावर अडकले होते. मोकळे पेप्टाइड भरपूर घातले की त्याचे हात त्यात गुंततात आणि खरा-खोटा कोणताही बँड सारखाच नाहीसा होतो. या चाचणीतून एवढेच कळते की बँड पेप्टाइड ओळखणाऱ्या प्रतिपिंडाचा आहे, सशाच्या इतर इम्युनोग्लोब्युलिनचा नाही. पकडलेले प्रथिन कोणते, हे तिला विचारताच येत नाही.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. २००९ साली नाउनिन-श्मीडेबर्ग यांच्या नावाच्या जर्मन औषधशास्त्रीय नियतकालिकाने या जातीच्या रिसेप्टरांच्या प्रतिपिंडांवर संपादकीय आणि लेखांची मालिकाच छापली होती. अॅड्रिनर्जिक आणि मस्कॅरिनिक रिसेप्टरांवरची, वर्षानुवर्षे वापरात असलेली अनेक प्रतिपिंडे रिसेप्टरचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांतही तसाच बँड आणि ऊतीच्या छेदांवर तसेच रंजन (रंगाची खूण) देतात, हे त्यात मांडले होते. जीएलपी-१ च्या क्षेत्रात ही वेळ २०१३ मध्ये आली. टोरांटोतील डॅनियल ड्रकर यांच्या गटाने यकृतातील मेद आणि धमनीकाठिण्यावरील एका अभ्यासात बाजारात मिळणारी तीन प्रतिपिंडे तपासली आणि रिसेप्टरचे जनुकच नसलेल्या उंदरांच्या ऊतींतही ती अपेक्षित वजनाच्या आसपास बँड देतात हे दाखवले. असे उंदीर १९९६ पासून उपलब्ध होते, म्हणजे ही परीक्षा कोणालाही सतरा वर्षे आधी करता आली असती. दरम्यान या व अशा प्रतिपिंडांच्या भरवशावर यकृतपेशी, स्वादुपिंडाच्या नलिका, हृदयाची निलये अशा अनेक ठिकाणी रिसेप्टर ‘सापडल्याचे’ निबंध छापून आले होते.

त्या वर्षी हा वाद केवळ प्रयोगशाळेपुरता नव्हता. जीएलपी-१ सारखे काम करणाऱ्या औषधांपैकी एक्सेनॅटाइडला २००५ मध्ये आणि लिराग्लुटाइडला २०१० मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली होती, आणि २०१३ मध्ये या औषधांनी स्वादुपिंडाच्या नलिकांतील पेशी वाढतात का, कर्करोगाचा धोका संभवतो का, यावर अमेरिकी आणि युरोपीय औषध नियामक विचार करत होते. नलिकेच्या पेशीवर रिसेप्टर आहे की नाही, हा त्या चर्चेतला एक मूळ प्रश्न होता आणि त्याचे उत्तर बरेचसे अशाच तपकिरी रंजनावर अवलंबून होते. आपल्याकडे २०२५ पासून टिर्झेपटाइड आणि वजनासाठीच्या सेमाग्लुटाइडची इंजेक्शने बाजारात आल्यानंतर पुण्या-मुंबईच्या अनेक औषधशास्त्र विभागांत जीएलपी-१ वरचे प्रबंध सुरू झाले आहेत. तुमच्यासारखा प्रश्न म्हणूनच आता वारंवार येतो.

आता प्रतिपिंड कोणते. मानव आणि माकड यांच्या ऊतींसाठी माझी पहिली शिफारस ३एफ५२ या मोनोक्लोनलची आहे. नोव्हो नॉर्डिस्कच्या शास्त्रज्ञांनी ते विकसित करून २०१४ मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, आणि ते अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या हायब्रिडोमा बँकेतून (प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींच्या संग्रहातून) संशोधकांना मिळते. त्या अभ्यासाने जो नकाशा दिला तो तुमच्या ब्लॉटशेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे: स्वादुपिंडात बीटा पेशी स्पष्ट आणि पाचकरस बनवणाऱ्या अॅसिनर पेशी फिकट, ड्युओडेनममध्ये ब्रुनर ग्रंथींत सर्वाधिक, जठरात आम्ल स्रवणाऱ्या पराइटल पेशी आणि स्नायूच्या थरात कमी, हृदयात ठोक्यांची लय ठरवणाऱ्या सायनोएट्रियल नोडच्या पेशी, मूत्रपिंड आणि फुप्फुसात केवळ धमन्यांच्या भिंतीतील स्नायूपेशी, आणि यकृत व थायरॉइडमध्ये काहीही नाही. ही यादी दाव्यांच्या जुन्या यादीपेक्षा बरीच आखूड आहे.

तुमचे काम उंदरावरचे आहे, म्हणून ३एफ५२ तुमच्या उपयोगाचे नाही. उंदराच्या रिसेप्टरसाठी ७एफ३८ हे वेगळे मोनोक्लोनल आहे, त्याच बँकेतून मिळते, आणि २०१८ मध्ये उंदराच्या मेंदूतील रिसेप्टरचा नकाशा काढताना त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, तेही ऊतीतच जागच्या जागी आरएनए ओळखणाऱ्या इन सिटू हायब्रिडायझेशनच्या जोडीने. आतड्यासाठी किंवा स्वादुपिंडासाठी तुम्हाला ते स्वतः पुन्हा तपासावे लागेल, कारण एका ऊतीत, एका फिक्सेशनमध्ये (ऊती रसायनाने टिकवण्याच्या पद्धतीत) चांगले चालणारे प्रतिपिंड दुसऱ्या ऊतीत तसेच चालेल याची हमी नसते. मेंदूत जे चुकीचे प्रथिन मुळी नसतेच, ते यकृतात ढिगाने असू शकते.

या मोनोक्लोनलांची एक खुबी समजून घ्या, कारण तीच त्यांची मर्यादाही आहे. रिसेप्टरचा पेशीबाहेरचा भाग सुमारे १२० अमिनो आम्लांचा असून सहा सिस्टिनांच्या तीन डायसल्फाइड बंधांनी तो एका निश्चित घडीत बांधलेला असतो. ३एफ५२ या घडीलाच, आणि तेही संप्रेरक जिथे बसते त्या खाचेशी, बांधले जाते. स्फटिकरचनेतून २०१६ मध्ये ते दाखवले गेले, आणि म्हणूनच ते जीएलपी-१ चे कार्य रोखूही शकते. याचे दोन व्यावहारिक परिणाम होतात. जिवंत पेशींना आधी एक्सेन्डिन-४ किंवा सेमाग्लुटाइड, म्हणजे याच रिसेप्टरला बांधले जाणारे रेणू, देऊन नंतर असे प्रतिपिंड लावले आणि खूण कमी झाली, तर रिसेप्टर आत ओढला गेला असेल, किंवा जागा आधीच व्यापलेली असेल. या दोन शक्यता वेगळ्या केल्याशिवाय ‘औषधाने रिसेप्टर घटला’ असे लिहू नये. दुसरे असे की घडीवर अवलंबून असणारे कोणतेही प्रतिपिंड डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल घातलेल्या जेलवर आंधळे होऊ शकते, कारण ते रसायन डायसल्फाइड बंधच तोडते. वेस्टर्न ब्लॉटमध्ये काही न दिसणे म्हणजे प्रतिपिंड वाईट, असा निष्कर्ष मग घाईचा ठरतो. रिसेप्टरच्या शेपटीकडच्या, पेशीच्या आतल्या टोकावर बनवलेल्या प्रतिपिंडाची गोष्ट उलटी असते. ते ब्लॉटमध्ये चालू शकते, पण जिवंत पेशीच्या फ्लो सायटोमेट्रीत (एकेक पेशीवरील खूण मोजण्याच्या पद्धतीत) निरुपयोगी असते, कारण पटल छेदल्याशिवाय ते आत पोचतच नाही.

वेस्टर्न ब्लॉटच करायचा असेल, तर नमुना तयार करण्याच्या पद्धतीकडे आधी लक्ष द्या. तुम्ही लिहिले आहे की लायसेट पाच मिनिटे ९५ अंशांना उकळले. अॅक्टिनसाठी ते ठीक आहे. सात वेळा पटल ओलांडणाऱ्या प्रथिनासाठी नाही. उष्णतेने त्याचे जलद्वेषी भाग एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, त्या गुठळ्या जेलच्या तोंडाशीच अडकतात आणि अपेक्षित जागी रिसेप्टर उरतच नाही. तिथे जे दिसते ते मग नक्कीच दुसरे काहीतरी असते. नमुना ३७ अंशांना अर्धा तास ठेवणे पुरते. समांतर एक नळी उकळून शेजारच्या लेनमध्ये घाला. खरा रिसेप्टर असेल तर उकळलेल्या लेनमध्ये बँड अशक्त होऊन वर विहिरीजवळ डाग वाढलेला दिसतो. दोन्ही लेन हुबेहूब सारख्या आल्या, तर तुमचा बँड बहुधा एखाद्या विरघळणाऱ्या, सोशिक प्रथिनाचा आहे. ऊती वाटल्यावर पटलांचा अंश अल्ट्रासेंट्रिफ्यूजवर वेगळा काढा, आणि लोडिंग कंट्रोल (प्रत्येक लेनमध्ये सारखा नमुना आला का हे तपासणारे प्रथिन) म्हणून अॅक्टिनऐवजी सोडियम-पोटॅशियम एटीपेज वापरा, म्हणजे पटल खरोखरच आले आहे की नाही हेही कळेल. स्वादुपिंडाच्या बाबतीत पाचकरसांतील प्रोटिएज (प्रथिने तोडणारी विकरे) काही मिनिटांत सगळ्याची वाट लावतात, तेव्हा अख्ख्या स्वादुपिंडाऐवजी वेगळी काढलेली बेटे घेणेच शहाणपणाचे.

मग पीएनगेज-एफ लावा. हे विकर प्रथिनावरील एन-शर्करा कापून टाकते. ६० ते ६५ जवळचा पसरट बँड त्यानंतर खाली सरकून ५० च्या आसपास सडपातळ झाला, तर तुम्ही शर्करायुक्त प्रथिन पाहत आहात एवढे नक्की झाले. तुमचा ५३ चा बँड मात्र या प्रक्रियेनंतर तसूभरही हलणार नाही अशी माझी अटकळ आहे. तसे झाले तर तो परिपक्व जीएलपी-१ रिसेप्टर नव्हे, एवढे लिहून त्या बाटलीचा विषय संपवता येईल. ही संपूर्ण परीक्षा एका दिवसाची आहे आणि तिला ना नॉकआउट (ते जनुक काढून टाकलेला) प्राणी लागतो ना मोठा खर्च.

तरीही हे सगळे मिळून निर्णायक पुरावा होत नाही. निर्णायक असते ती एकच लेन: जनुक काढून टाकलेल्या प्राण्याच्या किंवा पेशीच्या नमुन्याची. २०१६ मध्ये प्रतिपिंडांच्या प्रमाणीकरणासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने पाच मार्ग सुचवले. जनुक काढणे किंवा दाबणे, प्रतिपिंडाशिवायच्या पद्धतीशी ताळा पाहणे, दुसऱ्या जागी बांधले जाणाऱ्या स्वतंत्र प्रतिपिंडाशी तुलना करणे, टॅग लावलेल्या प्रथिनाशी जुळवणे, आणि पकडलेले प्रथिन मास स्पेक्ट्रोमेट्रीने ओळखणे. हे पाचही सारख्या तोलाचे आहेत असे मला वाटत नाही. इतक्या अल्प प्रमाणातल्या पटलप्रथिनासाठी मास स्पेक्ट्रोमेट्री अवघड जाते, आणि दोन वेगळी प्रतिपिंडे एकाच प्रकारे चुकू शकतात. नॉकआउट मात्र सरळ उत्तर देतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ६५ प्रथिनांवरची ६१४ व्यापारी प्रतिपिंडे याच पद्धतीने, मूळ पेशी आणि जनुक काढलेली पेशी शेजारी ठेवून तपासली गेली. सरासरी दर प्रथिनामागे सुमारे १२ शोधनिबंधांत लक्ष्य न ओळखणारे प्रतिपिंड वापरलेले आढळले, आणि सर्वांत चांगली कामगिरी रिकॉम्बिनंट, म्हणजे ठरावीक जनुकीय अनुक्रमावरून बनवलेल्या, प्रतिपिंडांची होती. पॉलिक्लोनलची बाटली संपली की तो ससाही संपलेला असतो आणि पुढचा लॉट दुसऱ्या सशाचा येतो. रिकॉम्बिनंटचा अनुक्रम ठरलेला असल्याने पाच वर्षांनीही तेच प्रतिपिंड मिळते.

नॉकआउट उंदीर आणायचे म्हणजे आयातीची परवानगी, प्राणी नीतिमत्ता समितीची मान्यता आणि वसाहत सांभाळण्याचा खर्च, हे पीएच.डी.च्या वेळापत्रकात बसत नाही हे मला ठाऊक आहे. पण संपूर्ण प्राणी लागतोच असे नाही. उंदराच्या बीटा पेशींपासून आलेल्या एमआयएन६ पेशींत क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने हे जनुक मोडता येते, आणि क्रिस्परचे काम करणारी प्रयोगशाळा आता पुण्यातच सापडेल. ज्या गटाकडे असे उंदीर आहेत त्याच्याकडे फिक्स केलेल्या ऊतीच्या दोन-चार पॅराफिन स्लाइड सौजन्याने मागितल्या, तर अनेकदा मिळतात. मागणारे कमी असतात. एचईके२९३ या प्रयोगशाळेतील मानवी पेशींत उंदराचा रिसेप्टर व्यक्त करून घेतलेला पॉझिटिव्ह कंट्रोल अवश्य करा, परंतु त्याचा अर्थ मर्यादित ठेवा. रिसेप्टर प्रचंड प्रमाणात असताना प्रतिपिंडाला तो दिसतो, एवढेच त्यातून समजते. ऊतीत तो तुरळक असताना प्रतिपिंड दुसऱ्याच प्रथिनाकडे वळत नाही, हे त्यातून समजत नाही.

ऊतीच्या छेदांवर रंजन करणार असाल, तर स्वादुपिंडापासून सुरुवात करा, कारण एकाच छेदात होकार आणि नकार दोन्ही हाताशी असतात. शेजारच्या रंगात इन्सुलिन दाखवा. रिसेप्टरची खूण इन्सुलिन असलेल्या पेशींच्या कडेला, पटलावर, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी उमटली आणि नलिकांचे अस्तर कोरे राहिले, तर प्रतिपिंड विश्वास ठेवण्याजोगे आहे. बेट, नलिका आणि अॅसिनर पेशी सगळेच एकसारखे तपकिरी झाले, किंवा रंग केंद्रकात गेला, तर पुढे जाऊ नका. यकृत, मूत्रपिंड आणि जठराच्या पराइटल पेशींत स्वतःचे बायोटिन भरपूर असते, तेव्हा या ऊतींवर बायोटिन-स्ट्रेप्टाविडिन पद्धत टाळून पॉलिमर पद्धत घ्यावी. पराइटल पेशी तर कोणत्याही प्रतिपिंडाला चिकटण्याबद्दल कुप्रसिद्ध आहेत. तिथे खरा रिसेप्टर असल्याचे वर दिले आहे, तरी आयसोटाइप कंट्रोल (त्याच प्रकारचे, पण रिसेप्टर न ओळखणारे प्रतिपिंड) आणि शक्य असल्यास नॉकआउट छेद यांशिवाय मी तिथल्या रंगावर विसंबणार नाही. साठवणुकीचे नियम तुम्हाला माहीत असतीलच. एवढेच सांगतो की सोडियम अझाइड असलेल्या बफरात एचआरपी (खूण उमटवणारे विकर) जोडलेले सेकंडरी पातळ करू नका, ते विकरालाच बंद पाडते.

प्रतिपिंडाशिवायचे मार्ग तुमच्या प्रश्नासाठी अधिक भरवशाचे आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आरएनएस्कोप पद्धतीने पेशीगणिक आरएनए दिसतो. साधा आरटी-पीसीआर करणार असाल, तर एखाद्या छोट्या तुकड्यावर समाधान न मानता संपूर्ण संकेत-अनुक्रम वाढवणारे प्राइमर वापरा, आणि सीटी (खूण दिसू लागते ते चक्र) ३५ च्या पुढे येणाऱ्या यकृताच्या खुणेला ‘अभिव्यक्ती’ म्हणू नका. एवढे तर यकृतातल्या रक्तवाहिन्यांतून किंवा मज्जातंतूंतूनही येऊ शकते. रिसेप्टरला बांधला जाणारा, रंग जोडलेला एक्सेन्डिन हा आणखी एक चांगला पर्याय आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले लक्सएन्डिन या गटातील रेणू जिवंत बेटांत बीटा पेशींची कड उजळवतात आणि नॉकआउटमध्ये अंधारच राहतो, हे त्यांच्या निर्मात्यांनीच दाखवले आहे. क्री-रिपोर्टर उंदरांचे चित्र आकर्षक दिसते, पण पूर्वी केव्हातरी जनुक चालू झालेली पेशीही त्यात कायमची रंगते.

तुमच्या यकृताच्या दाव्याबद्दल. सेमाग्लुटाइडने यकृतातील मेद कमी होतो, आणि अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये त्याला मेदजन्य यकृतदाहासाठीही परवानगी मिळाली. यावरून ‘म्हणजे रिसेप्टर यकृतपेशीवर असलाच पाहिजे’ असे वाटणे स्वाभाविक आहे. पण भूक आणि वजन घटणे, इन्सुलिनचा परिणाम सुधारणे, ऊतींतून यकृताकडे येणारी मेदाम्ले कमी होणे, या वाटांनी यकृतपेशीवर रिसेप्टर नसतानाही हे घडू शकते. ड्रकर यांच्या गटाच्या ज्या २०१३ च्या निबंधाने प्रतिपिंडे उघडी पाडली, त्याचा मूळ निष्कर्षही औषधाचा यकृतावरील परिणाम अप्रत्यक्ष असतो हाच होता. मेदयुक्त आहारावर तुमचा ५३ चा बँड वाढतो, हे निरीक्षण खोटे नाही. कोणते तरी प्रथिन वाढत आहे. ते कोणते, हे जाणून घ्यायची उत्सुकता असेल तर त्या प्रतिपिंडाने यकृतातून ते खेचून काढा, जेलमधला तो तुकडा कापा आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीला द्या. विपुल प्रथिन असल्याने ओळख पटायला अडचण येऊ नये.

प्रबंधात हे कसे मांडावे, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. पद्धतीच्या प्रकरणात प्रतिपिंडाचा कॅटलॉग क्रमांक, लॉट क्रमांक, क्लोन, आरआरआयडी (संशोधन-साधनाचा ओळख क्रमांक), डायल्यूशन आणि नमुना कोणत्या तापमानाला ठेवला होता, हे सर्व लिहा. ब्लॉट बँडपुरता कापून न दाखवता, वजनाच्या मार्करसह अख्खा परिशिष्टात द्या. यकृताची लेन गाळू नका. वर सांगितलेल्या क्रमाने सेकंडरीची पट्टी, न उकळलेला नमुना आणि पीएनगेज-एफ या तीन गोष्टी येत्या आठवड्यात करून पाहा, आणि बँड हलला नाही तर मार्गदर्शकांना तो ब्लॉट दाखवून यकृताचे प्रकरण आरएनएस्कोपवर नव्याने उभे करण्याची परवानगी घ्या. स्वादुपिंड आणि ड्युओडेनमचा भाग ७एफ३८ वर वाचू शकतो; त्यासाठी ब्रुनर ग्रंथी छेदात येतील असा जठराला लागून असलेला ड्युओडेनमचा पहिला भाग घ्या, कारण उंदरात त्या ग्रंथी तेवढ्याच पट्ट्यात असतात.